काकूची उरलेली ओळ

मंडळी, खामगावातल्या निम्म्या भुतांचा बाप मीच! पिंपळावरची बाई, विहिरीतला शिपाई... सगळी मी चहाच्या टपरीवर जन्माला घातलेली. आपणच उभं केलेल्या बुजगावण्याला कोणी भितं का? त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण ही गोष्ट मी रचलेली नाही.

तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. कॉम्प्युटर म्हणजे देवच — चपला बाहेर काढून आत जायचं! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि मराठी लिहायचं तेही इंग्रजी लिपीत.

आई डोणगावला. तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकू, धामणगाव बढ्याला. पण उभं तारुण्य दोघींनी डोणगावच्या एकाच घरात, एका जात्यावर काढलेलं. ओवीचा पहिला अर्धा आई म्हणायची, दुसरा काकू. मग घराची वाटणी झाली. भांडी वाटली, बैल वाटले. जात्यावर गाडं अडलं.

"जातं माह्या हातचं हाय!" आई म्हणाली.

"मंग माह्या हाताले काय मेंदी लागली होती, बाई?"

शेवटी जात्याचा वरचा, खुंट्याचा दगड आईनं घेतला, खालचा काकूनं. काकू धामणगावला राहायला गेली. दळण बंद, बोलणंही बंद. गाव हसलं. मीही हसलो.

पुढे मला एक युक्ती सुचली. आमच्या क्लासच्या कॉम्प्युटरवर युनिक्स नावाची प्रणाली होती; तिच्यात 'पेस्ट' नावाची कमांड, म्हणजे हुकूम, असते. दोन फाइली ती शेजारी शेजारी जोडते — डावीकडे एकीची ओळ, उजवीकडे दुसरीची. एक फाइल आधी संपली, तर तिची बाजू कोरी राहते. म्हटलं, दोघींच्या अर्ध्या ओव्या जोडून छापू, कागद दोघींना दाखवू... बघू कशा बोलत नाहीत!

आधी धामणगावला गेलो. काकूनं आपल्या अर्ध्या ओव्या भरभरून सांगितल्या. "तिचा अर्धा मले येत नाही, बाबू. थो तिचाच हाय," म्हणाली. निघताना हळूच, "छापलं का पह्यले तिले दाखवजो."

छापायच्या आधीच काकू गेली.

आई तिच्या मातीला जाऊन आली आणि चुलीपाशी नुसती बसून राहिली. "थे माह्यावर रागातच गेली काय रे?"

काकूनं सांगितलेल्या ओव्या माझ्याकडे आहेत, एवढंच मी तिला सांगितलं.

मग तीच म्हणाली, "घे लिहून माह्या ओव्या." सगळ्या सांगून झाल्यावर एक जास्तीची सांगितली. "हे तिनं ऐकली नाही. आताच झाली."

दुपारच्या सुट्टीत क्लासमध्ये मी एकटाच होतो. दोन्ही फाइली जोडून छापायला दिल्या. प्रिंटर करकरला.

*जात्या बसलो दोघी जावा, खुंटा धरला एका हाती* — आईची. शेजारी काकूची — *पीठ पडं भोवताली, जशी चांदण्याची राती.*

अशा सगळ्या जुळत गेल्या. शेवटी आईची नवी ओळ — *रुसलेल्या जाऊबाई, तुझी वाट पाहू किती...* तिच्याशेजारी कोरं असायला हवं होतं. तिथं छापलं होतं — *दगड ठेव दगडावं, खुंटा राहू दे तुह्या हाती.*

काकूची फाइल उघडली. ही ओळ त्यात नव्हती. पुन्हा कमांड दिली. आता शेजारची जागा कोरी! ओळ फक्त त्या एका कागदावर.

आईला वाचून दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू तं नाही लिहिली ना, बाबू?"

जन्मभर थापा मारल्या. पण आईनं आज विश्वास ठेवावा म्हणून मी तिच्या पायाला हात लावला. "तुझी शप्पथ, आई."

"हाव... तुले कुठं जमते ओवी!" ती हसली, आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

दुसऱ्याच दिवशी धामणगावहून खालचा दगड आणला. काकूच्या मुलानं त्यावर धुणं धुवायचं ठरवलं होतं, पण काकूनं शेवटपर्यंत धुऊ दिलं नव्हतं म्हणे.

ती ओळ कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. मित्र म्हणतात, "तूच घातली असशील बे!" माझी कीर्तीच तशी!

आई नंतर बरीच वर्षं त्या जोडलेल्या जात्यावर दळत होती. आपला अर्धा म्हणायची आणि थांबायची. उरलेला अर्धा म्हणायला लागेल तेवढाच वेळ... मग मान हलवून पुढची ओवी. तेवढ्या वेळात घरात कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा.