दुमडलेलं पान

सत्याच्या शोधात निघालेला संशोधक कुणालाही भीत नाही. आमच्या शाळेतल्या सुनंदाबाई मात्र त्या दिवशी एका दुमडलेल्या पानाला घाबरल्या होत्या. साप चावल्यावर लोक आधी देवळात जातात की दवाखान्यात, यावर सहा वर्षं खपून त्यांनी प्रबंध लिहिला होता आणि आज त्याची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा तिच्यातल्या एकाच पानाचा कोपरा दुमडलेला दिसला.

"एक्केचाळिसावं असणार," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "तिथला तक्ता मला तेव्हाच खटकला होता."

"मग बदलला का नाही?"

"वाचणार कोण, असं वाटलं."

आपल्याकडे प्रबंध कुणी वाचत नाही याचं लिहिणाऱ्याला दुःख असतं, आणि कुणीतरी वाचलाय असं कळलं की तो आपल्या चुका आठवायला लागतो.

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि तेच पान उघडलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मॅडम, पान एक्केचाळीस. इथून पुढे काय आहे, ते जरा तुमच्या शब्दांत सांगा."

बाई अर्धा तास बोलल्या. पदवी एकमताने मिळाली. प्रबंध तीनशे बारा पानांचा आहे.