बगीच्यातली शेकोटी

"बसा भिया, आग कोणाच्या बापाची नाही."

हिवाळ्यात सकाळी कॉलनीच्या बगीच्यात फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला काका हेच म्हणत आणि सरकून जागा करत. असे एखादे काका तुम्हीही पाहिले असतील. आमचे महूच्या छावणीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. वाळक्या फांद्या, मंडीतल्या फुटक्या पेट्या जमवून शेकोटीचा अलाव पेटवायचे. चौकीदार, दूधवाला, कोपऱ्यावरचे वकीलसाहेब, सगळे एकाच घोळक्यात उकिडवे बसत. कोणी पॉलिथिन टाकलं की काका चिमट्याने बाहेर काढून विचारत, "ही कचरापेटी आहे का भिया?"

मागच्या हिवाळ्यात काही जणांनी हरकत घेतली. बगीचा सगळ्यांचा, तिथे लाकडं जाळायची नाहीत, धूर घरात येतो. आमचं, शेकायला बसणाऱ्यांचं, म्हणणं, मग चौकीदाराने थंडीत जायचं कुठे? रविवारी बगीच्यातच मीटिंग झाली. काका आमच्याच बाजूने बोलणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

ते उभे राहिले. त्यांचं घर बगीच्याला लागूनच; काकूंचा दमा वाढलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल आहे का? मी म्हटलं, नाही जी. घरी येऊन तिच्या खोलीची खिडकी उघडली, तर खाली माझीच राख." मग म्हणाले, "बंद करा. बस, चौकीदाराच्या खोलीत हीटर लावून द्या."

शेकोटी बंद झाली. हीटर लागला.

काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. मुक्तिधामाच्या स्मशानात लोक लाकडांचं विचारायला निघाले, तेव्हा काकांनी माझी बाही धरली.

"लाकूड नको. इलेक्ट्रिकमध्ये होऊ द्या. धूर नको तिला."

ते रडले नाहीत. बाकावर बसून, आलेल्यांना चहा मिळाला का, एवढंच विचारत राहिले.

पुढे मुलगी त्यांना भोपाळला घेऊन गेली. बगीच्यात आता लोक चालतात आणि घरी जातात.

परवा मी फोन केला. इकडे सगळं ठीक आहे, म्हटलं. "हौ," ते म्हणाले. बोलायचं संपलं होतं. तरी फोन कोणी ठेवला नाही.