मटार उचलणारा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. तशी गोष्ट एका फोटोची. तुम्ही म्हणाल, फोटोचं एवढं काय?

मुलुंडला आमचा हौशी फोटोवाल्यांचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, भिंतीवर फोटो दाखवतो आणि त्यांची चिरफाड करतो. फोटोवर नाव नसतं, आणि ज्याचा फोटो असेल त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हणजे कुणावरचा राग, कुणाचा लाड मध्ये येत नाही. सगळ्यांचं झालं की शेवटी मी बोलायचं, ही पद्धत कशी पडली कोण जाणे. मला ती आवडायची — खोटं कशाला बोलू?

मृणाल नवीन होती. विम्याच्या ऑफिसात नोकरी, गळ्यात भावाचा जुना कॅमेरा. पण नजर अशी की मी थक्क व्हायचो. आम्ही खाडीवर फ्लेमिंगोंच्या मागे चिखल तुडवायचो आणि ही स्वतःच्या घरातून असं काही उचलून आणायची की बघत राहावं. दुसऱ्याच्या फोटोवर बोलतानाही त्यातलं चांगलं काय ते आधी नेमकं सांगायची. माझ्याच एका फोटोतली गंमत तिने मला दाखवली होती. तिचं कौतुक वाटायचं मला, अगदी मनापासून. मग — मग असं का केलं?

त्या रविवारी भिंतीवर एक फोटो आला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक बाई मटार सोलतेय. डाव्या कडेने फक्त एक पुरुषी हात आत आलाय, ताटातले सोललेले दाणे पळवायला. बाईने वर पाहिलेलं नाही. पण तिला कळलंय, आणि ती ओठ दाबून हसतेय. बस, एवढंच. अख्खा संसार होता त्यात. असा एक फोटो माझ्याकडून कधी झाला नव्हता आणि होणारही नव्हता, हे मला तिथल्या तिथे कळलं. जळलो मी. दुसरा शब्द नाही.

माझी पाळी आली. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "कडेला कापलेला हात खटकतो. डावीकडून क्रॉप करा." इतका वेळ वाहवा करणाऱ्यांनीही माना डोलावल्या.

नंतर जिन्यात मृणालने मला गाठलं. "सर, तो हात ठेवला तर नाही का चालणार? मला तर तोच आवडतो."

तेव्हा तरी शब्द मागे घेता आले असते ना? मी म्हणालो, "आवडणं वेगळं आणि फोटो वेगळा, मृणाल."

तिने हात काढून टाकला. आमच्या प्रदर्शनात तो फोटो लागला — एक बाई मटारांकडे बघून हसतेय. लोक थांबत नव्हते. एकाने तर विचारलंच, मटारात एवढं हसण्यासारखं काय आहे? मृणाल त्यावरही हसली. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट येईल त्याला सांगत होती की फ्रेम आधी ढिली होती, सरांनी शिकवलं. तिच्याइतक्या मोकळ्या मनाने ऐकून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

संध्याकाळी तिचे आईवडील आले. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फोटोपुढे उभं राहून त्यांनी चष्मा पुसला आणि जरा डावीकडे सरकून पुन्हा पाहिलं.

"घरी दाखवलास तेव्हा मी होतो ना गं यात?"

"तुमचा हात कापावा लागला, बाबा. तसा नियम असतो."

"हो का? बरं." मग माझ्याकडे वळून त्यांनी नमस्कार केला. "तुम्ही एवढं लक्ष घालता तिच्यात. बरं वाटतं."

मी त्यांना चहा विचारला.

फोटो कुणाचा हे मला माहीत नव्हतं, असं इथे लिहायचा मोह झाला होता. नाव नसतंच ना फोटोवर. पण त्यांच्या घरी मी जेवलो होतो. ती खिडकी, त्या बाई, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं ते घड्याळ — सगळं मी ओळखलं होतं. ओळखूनच बोललो.