मेस्त्रींचा कान

घरात शिरले की मेस्त्री आधी भिंतीची विचारपूस करत, माणसांची मागाहून. गिलावा थापायची करणी उलटी धरायची, तिच्या लाकडी मुठीने भिंतीवर टकटक करायचं, मान तिरकी करायची आणि आम्हाला दटावायचं, "चुप. दीवार बोलरी." गिलावा आतून सुटला असेल तर त्यांना आवाजावरून कळे. आम्ही पंखा बंद करून श्वास धरून उभे.

हैदराबादेत गवंड्याला मेस्त्री म्हणतात. बरकतपुऱ्यापासून नारायणगुड्यापर्यंत जुन्या घरांना त्यांच्या कानाचा भरवसा होता. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल: चहा उभ्यानेच पिणारा, तोही अर्धा टाकून खिडकीच्या कडा चाचपणारा. एकदा मेस्त्री शेजारी मयत झालेल्या घरी भेटायला आले, तर बोटं मागच्या भिंतीवर चाललेली. घरच्या मुलाने डोळे पुसत विचारलं, "खराब है क्या मेस्त्री?" हे हळूच म्हणाले, "हौ. तेरवां हो जान दो."

मला ते 'इंजिनियर साब' म्हणत. मी विमा कचेरीतला कारकून. पण एकदा भेग बुजवायला बायकोच्या इडलीच्या पातेल्यात पीओपी कालवलं होतं. मधेच फोन आला. बोलणं संपेपर्यंत पातेलं, पळी आणि माझी अब्रू एकजीव घट्ट झाली. ते पातेलं मेस्त्रींनी सगळ्या गिऱ्हाइकांना वर्णन करून सांगितलं.

यंदा वरच्या मजल्यावरची गळती बंद झाली, तेव्हा आमच्या हॉलचं छत बघायला त्यांना बोलावलं. खाली आईची कॉट. मेस्त्री स्टुलावर चढले. टक, टक, टक आणि मग ढब. कुकरच्या शिट्ट्या ज्याला ऐकू येत नाहीत अशा मलासुद्धा तो बद्द आवाज ऐकू आला. मेस्त्रींनी तिथेच पुन्हा ठोकलं, मान तिरकी केली आणि उतरले. "मस्त है. हिलता नई."

आई छताकडे बघत होती. मग माझ्याकडे.

अलीकडे ते कशालाही नुसतं "हौ" म्हणत, ते वयाचा तोरा नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

बायको म्हणाली, सरळ सांगा, डॉक्टरांकडे न्या. पण सांगणार काय? कान गेला म्हणजे त्यांचं सगळंच गेलं. दुसरा गवंडी आणावा, तर सगळे एकाच नाक्यावर उभे राहणारे. संध्याकाळपर्यंत काचीगुड्याला बातमी. न सांगावं, तर खाली आई. तिची कॉट मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत होतो. जेवताना वर बघत होतो, ऑफिसात बसून घरच्या छताकडे बघत होतो. शेवटी आई वैतागली, "एकदा मला तरी बाहेर काढ, नाहीतर छताला तरी."

मग माझ्या हाताशी असलेलं एकमेव भांडवल मला आठवलं: माझी कीर्ती. आईला बायकोबरोबर देवळात धाडलं, जळमटं काढायची लांब काठी घेतली आणि नेमक्या त्या जागी जीव खाऊन ढोसलं. परातीएवढा गिलावा खाली आला. येताना पंख्याचं पातं वाकवून आला.

नाक्यावर जाऊन मी हातवारे करत मोठ्याने कबुली दिली, की जळमटं काढताना छत पाडलं. मेस्त्री खूश. चार गवंड्यांना गोळा करून म्हणाले, "सुनो, इंजिनियर साब झाडू से छत गिरा दिए." मीही ओशाळं तोंड करून उभा राहिलो; त्याचा मला सराव आहे.

घरी आल्यावर त्यांनी पडलेला तुकडा उचलून उलटा केला. मागची बाजू काळपट, गुळगुळीत. स्लॅबला कधीची धरून नव्हती. तिच्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. मी गुन्हेगाराचा चेहरा तयार ठेवला होता. त्यांनी तो पाहिलाच नाही.

मग हातोडी-छिन्नी घेऊन ते वर चढले आणि न ठोकता, न ऐकता छताचा सगळाच गिलावा उतरवू लागले. देवळातून आलेली बायको धुळीत धावत आली. "मेस्त्री, अच्छावाला तो रहने दो."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "अच्छावाला कौनसा है, भाभी? आप बोलो."



काही दिवसांत छत आरशासारखं झालं. त्यांनी हत्यारं धुतली, पिशवी सायकलला लावली आणि निघाले. मी बाल्कनीत होतो. गल्लीच्या मधोमध सायकल संथ चाललेली, आणि मागून एक ऑटो हॉर्न दाबून दाबून अंगावर येत होता. मेस्त्री बाजूला होईनात. मी जिने उतरून धावलो आणि दोन्ही हात पसरून ऑटोसमोर उभा राहिलो.

"एमैंदी सार?" ऑटोवाला खवळला. काय झालं म्हणून विचारत होता.

"कुछ नई," मी धापा टाकत म्हणालो, "चप्पल गिर गई."

त्याने माझ्या दोन्ही अनवाणी पायांकडे पाहिलं. तोवर मेस्त्री कोपऱ्यावरून वळून गेले होते. त्यानंतर आमच्या भागात ते कुणाला कामावर दिसले नाहीत.