चक्कीमागची फरशी

मी बुलढाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तास चालू असताना आमच्या धामणगाव बढेचा एक जण वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि पोरांसमोरच म्हणाला, "मास्तर, तुमची वहिनी गेली." मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं, खडू ठेवला, हात झटकले. मला ऐकू आलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. "आयकलं बे," मी म्हणालो. सकाळी डोकं दुखतं म्हणून ती पडली होती, उठलीच नाही म्हणे. एस.टी.त बसलो तरी मला काही होत नव्हतं. बाहेर वाळलेली रानं मागं पडत होती आणि माझ्या डोक्यात एकच... आता चक्कीच्या खड्ड्यात पाणी कोण टाकेल? घरचं माणूस गेल्यावर असलं काही सुचतं का कोणाला? मला सुचलं.

हा खड्डा सांगितल्याशिवाय वहिनी सांगता येणार नाही. महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतर काही वर्षांत गावात वीज आली आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ज्वारी दळायची चक्की टाकली. शहरातून आलेल्या वायरमननं भिंतीमागं खोल खड्डा घेतला, त्यात एक पत्रा उभा केला, त्याची जाड तार मोटरच्या लोखंडी अंगाला जोडली आणि खड्ड्यात कोळसा अन् मीठ थरावर थर भरलं. याला अर्थिंग म्हणतात. मोटरच्या आत तार उघडी पडून लोखंडात करंट उतरलाच, तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, यासाठी ही सोय. पण मीठ-कोळसा पाहून आमच्या घरानं ओळखलं, की हा नजरेचा तोडगा आहे! नव्या धंद्याला दृष्ट लागू नये म्हणून पुरलेला. मग काय विचारता... खड्ड्यावर फरशी बसली, तिच्यावर रोज रांगोळी, शुक्रवारी हळदकुंकू. सांडपाण्याचा थेंब तिकडे जाऊ द्यायचा नाही अशी आईची सक्त ताकीद. वायरमन जाताना 'पाणी टाकत जा' म्हणाला होता, ते कोणी मनावर घेतलं नाही. ओली असली तरच जमीन करंट नीट ओढून घेते, आणि आम्ही ती भक्तिभावानं कोरडी ठेवली. एका उन्हाळ्यात मोटर आतून जळली. जळका वास आला म्हणून दादानं तिच्यावर हात ठेवला. वहिनी समोर सूप घेऊन उभी होती.

दादाचे दिवस झाल्यावर सगळे म्हणाले, चक्की विकून टाका. वहिनी म्हणाली, "इकली तं घेनारा मरन ना." तिनं त्याच वायरमनला बोलावलं. त्यानं फरशी उचलली, आतलं कोरडं ठाक मीठ पाहिलं आणि खाली मान घालून तिला सगळं समजावून सांगितलं. ती रडली नाही, त्याला बोलही लावला नाही. रांगोळीचा डबा उचलून घरात नेऊन ठेवला, तो परत काही निघाला नाही. मोटर दुरुस्त झाली आणि त्या दिवसापासून आमच्या घराचं सगळं पाणी त्या फरशीवर पडायला लागलं. भांडी तिथं, धुणं तिथं, आल्यागेल्याचे पायही तिथंच. जावई असो की तलाठी, सुटका नाही. मी सवयीनं अंगणात पाय धुवायला लागलो की आतून आवाज यायचा, "भाऊजी, तिकडं कुठी? पानी फुकट घालवता काऊन?"

सकाळी दळणाचे डबे घेऊन बाया दाराशी थांबलेल्या असत, पण दार उघडायच्या आधी ती मोटर चालू करून अनवाणी उभी राहायची आणि हाताची मागची बाजू लोखंडाला टेकवायची. मागची अशासाठी, की झटका बसला तर मूठ लोखंडावर वळू नये. "पह्यले मले लागू दे," म्हणायची. मी चिडायचो. "अगं, बाकीच्या जगात माणसं अशी जिवावर उदार होत नाहीत!" टेस्टर आणून दिला, तो तिनं खुंटीला टांगला आणि हातच लावत राहिली.

पण 'बाकीचं जग' तिनं बरोबर पकडलं. एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, दुसऱ्या देशात हे कसं करतात?" मी वाचून ठेवलं होतं ते सांगितलं. विलायतेत पिनेचा तिसरा पाय लांब असतो, आधी जमिनीशी जोड आणि मग करंट. अमेरिकेत मोठं राज्य असून जुन्या घरांत अजून दोनच भोकं, जमिनीचं तिसरं नाहीच. युरोपात काही ठिकाणी तर असं बटन निघालंय, की करंट जरा जमिनीकडे वळला की माणूस मरायच्या आत आपोआप बंद पडतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यायच्या खड्ड्यात पानी कोन टाकते?"

"तिकडे बारा महिने पाऊस असतो, वहिनी."

"बरं हाय बुवा त्यायचं!" ती हसली. मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "ते बटन आपल्याकडं कधी येईन?"

"येईल कधीतरी."

"तवरिक आपन पानी टाकू."

यंदाच्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला आणि गाव बोलायला लागलं. प्यायला नाही अन् ही बाई मातीला पाणी पाजून राह्यली! वहिनीनं कोणाशी भांडण केलं नाही. घरातल्या सगळ्यांनी अंघोळ त्या फरशीवरच बसून करायची, असा नियम काढला, तोही तांब्या मोजून. आड म्हणून जुनं लुगडं बांधलं. सुट्टीत गेलो की मी, पन्नाशीचा मास्तर, त्या लुगड्याआड उकिडवा बसून अंघोळ करायचो आणि पलीकडून दळणाला आलेल्या बाया फिदीफिदी हसायच्या.

मी पोचलो तेव्हा बायांनी अंगणात पाट मांडला होता. शेजाऱ्यांनी आपापल्या घरचं पाणी तांब्या-तांब्यानं आणून बादली भरली होती, वहिनीवर चिडलेल्यांनीसुद्धा. वहिनीची एकुलती एक मुलगी सुमन, आता चक्की हीच बघते, पुढं झाली आणि म्हणाली, "अंगनात नाही. आईले तिकडं न्या." एक म्हातारी म्हणाली, सांडपाण्याच्या जागी कोणी मुडदा धुते का? सुमन पाट उचलून चालू लागली. वहिनीची शेवटची अंघोळ त्या फरशीवर झाली. पाणी कडेच्या फटीतून खाली जात होतं, ते मी लुगड्याच्या अलीकडून पाहत उभा होतो. तेव्हाही मला रडू आलं नाही. लोकांनी त्याचाही अर्थ लावला असेल, लावू देत.

तेरवीनंतर चक्की उघडली. बाहेर बाया थांबलेल्या. सुमननं चपला काढल्या, मोटर चालू केली आणि हात उलटा करून पुढं केला, अगदी आईसारखा. मी ओरडलोच, "थांब वं पोरी!" तिला मागं सारून मी माझा हात टेकवला. लोखंड गार होतं, आतली नुसती थरथर जाणवत होती.

"लागलं का काही, काका?"

"नाही."

"आईचं पानी पोचलं मंग."

एका अंघोळीचं पाणी इतके दिवस टिकत नाही. खालच्या जमिनीनं ते केव्हाच पिऊन टाकलं असणार, हे मला कळतं, मी विज्ञान शिकवतो. तरी तो हात मला काढवेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे डोळे भरून आले, आणि मोटरच्या आवाजात मी रडून घेतलं. मग सुमननं दार उघडलं, बाया डबे घेऊन आत आल्या. मी बाहेर येऊन अर्धा तांब्या पाणी घेतलं आणि पाय धुवायला चक्कीमागं गेलो.