नात्याचा रकाना

आमच्या समोरच्या खोलीतल्या पेटीमास्तरांइतका मोठा गोतावळा ठाण्याच्या अख्ख्या कोपरीत कुणाचा नसेल, आणि त्या सगळ्या गोतावळ्यात माणूस एकच: दिनू. कोलशेतच्या एका कारखान्यातला ड्राफ्ट्समन, मास्तरांबरोबर सतरा वर्षं एका खोलीत राहणारा. चाळीनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं आणि विषय सोडून दिला होता. मला सोडता येत नव्हता, कारण मी इस्पितळात केसपेपर लिहायला होते. दिनू आजारी पडला की मास्तर खिडकीशी हजर, आणि ‘पेशंटशी नातं’ या रकान्यात तापाला मावसभाऊ, काविळीला पोटभाडेकरू, पाय मुरगळला तेव्हा मेहुणा.

“मास्तर, तुम्हाला बहीण तरी आहे का?”

“नाही, वहिनी. पण हे डॉक्टर नवीन आहेत.”

“एकच काय ते ठरवा ना.”

“रोज एकच राग आळवला की लोक कान देऊन ऐकायला लागतात.”

स्वतःसाठी तर ते इस्पितळाची पायरीही चढत नसत. लग्न का नाही केलं, हे डॉक्टर विचारतात म्हणून त्यांनी वर्षभराचा खोकला ज्येष्ठमधावर काढला होता.

मग एका सकाळी दिनूचं अपेंडिक्स सुजलं. ऑपरेशन ताबडतोब करायचं, आणि संमतीला नातेवाइकाचीच सही हवी. मास्तरांनी ऐटीत सही केली, पुढे लिहिलं ‘चुलतभाऊ’. मोठ्या डॉक्टरांनी जुने केसपेपर मागवले.

“हा माणूस नक्की कोण आहे? रक्ताचं माणूस आणा, नाहीतर मी हात लावणार नाही.”

रक्ताचा भाऊ साताऱ्याला, आणि त्यानं दिनूला कधीच दार बंद केलेलं. दिनू स्ट्रेचरवर घामानं भिजला होता.

“आम्ही एकत्र राहतो,” मास्तर हळू म्हणाले. “तेवढंच लिहा.”

“ते लिहून चालत नाही,” डॉक्टर म्हणाले.

मला दोघांचाही संताप आला. कागद ओढला, सही ठोकली आणि लिहिलं, ‘बहीण’. लग्न झालेल्या बाईचं आडनाव वेगळंच असतं. कुणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं ज्या थापांवर मी डाफरले, त्यातली सगळ्यात मोठी माझ्याच अक्षरात. वर मास्तर कुजबुजले, “वहिनी, हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?”

भाऊबीजेला दिनू माझ्याकडे येऊन पाटावर बसला. मास्तर उंबऱ्याशीच थांबले.

“आत या. बसा.”

“कोणत्या नात्यानं बसू?”

मी दिनूशेजारी दुसरा पाट मांडला.