माणिकप्पाचा हुंकारा

अनसाबाईला माफ करता येत नाही. गावात हा तिचा दुर्गुण समजतात. मी तिच्याबरोबर सहा वर्षं काम करते आणि मला विचाराल तर तिच्या अंगातली सगळ्यात खणखणीत गोष्ट तीच आहे. कर्नाटकात, खजुरीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून आमची वाडी आहे. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवते आणि अनसाबाई पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. वय एकसष्ट, अंगानं काटक, आणि जीभ अशी की तिच्यापुढं भल्याभल्यांची बोलती बंद व्हावी.

ती तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेला सरकारी रेडिओ मिळाला होता आणि दर गुरुवारी त्यावर मुलांसाठी गोष्ट लागायची. गुरुजींचा नियम कडक होता. आठवड्यात एक दिवस जरी बुडवला तरी गुरुवारी वर्गाबाहेर बसायचं. अनसाचा बाप उमाजी मेंढरं राखायचा, त्याला पोर मेंढरांमागं हवी होती. पण ती त्या गोष्टीपायी मार खाऊनसुद्धा रोज शाळेत यायची. एके दिवशी रेडिओ गायब झाला. सातवीतला माणिकप्पा, गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हणाला की अनसी कपाटापाशी घुटमळत होती. गुरुजींनी पुढं काही विचारलंच नाही. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढं ‘चोरीमुळे नाव कमी केले’ असं लिहिलं आणि पोरगी मेंढरांमागं गेली.

दोन वर्षांनी माणिकप्पाच्या वडिलांनी शेताला खत मिळावं म्हणून उमाजीची मेंढरं रानात बसवली. तिथं जनावरांच्या कोठ्यात तोच रेडिओ वाजत होता. मागच्या बाजूला लाल रंगात शाळेचा नंबर होता तो तसाच. अनसानं बापाला दाखवला. बाप म्हणाला, आपलं पोट यांच्या रानावर आहे, तोंड उघडू नको. तिनं तोंड उघडलं नाही. गावानं मात्र तिला ‘रेडिओचोर अनसी’ केलं आणि पन्नास वर्षं ते नाव पुसू दिलं नाही.

माणिकप्पा आता शाळा समितीचा अध्यक्ष आहे. बैठकीला आला की चहा घेताना हटकून म्हणायचा, चमचे मोजून घ्या बाई, स्वैपाकीण कोण आहे ते ठाऊक आहे ना. सगळे हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसले होते, कारण मला काही माहीत नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमची पटसंख्या एक्केचाळीस होती आणि वर्गात यायची वीस-बावीस पोरं. कुणी तुरीला, कुणी म्हशीमागं, कुणी नुसतंच उंडारत. मी एक गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकली. पोरांना गोडी लागेल असं वाटलं होतं. कुत्रंही फिरकलं नाही. अनसाबाईनं ती तांदूळ निवडता निवडता ऐकली आणि म्हणाली, “बाई, हुंकारा कोण द्यायलंय हिला? भिंत?”

आमच्याकडे गोष्टीला हुंकारा लागतो. सांगणारा वाक्य टाकतो, ऐकणारा ‘हूं’ म्हणतो. हूं थांबला की गोष्ट थांबली. आणि एकदा हुंकारा दिला की मग ती गोष्ट खोटी आहे असं म्हणायचं नाही. म्हातारी माणसं भांडणातसुद्धा हेच काढतात, तवा हूं म्हणलास की, मग आता कामून फिरायलास.

मग गोष्टी अनसाबाई सांगू लागली. नियमही तिनंच काढला. जो आठवडाभर एकही दिवस बुडवणार नाही, शनिवारी त्याचा हुंकारा गोष्टीत जाणार. स्वतःचा आवाज आईबापाच्या फोनमधून, रानात, पिठाच्या गिरणीत ऐकू येतो म्हटल्यावर पोरं वेडी झाली. दोन महिन्यांत वर्गात छत्तीस डोकी बसू लागली. बुडवणारी पोरं आपणहून येऊन आपला नंबर कधी म्हणून विचारू लागली.

राहिलेल्यांत होती विजयश्री, माणिकप्पाची नात. चौथीतली, हुशार, आणि आज्ज्याच्या लाडानं वाया चाललेली. पोट दुखतंय म्हटलं की आज्जा तिला मोटारसायकलवर बसवून आळंदच्या बाजाराला न्यायचा. पण मैत्रिणींचे आवाज ऐकून तिलाही राहवेना. एका सोमवारी ती आली, मंगळवारी आली, आणि चक्क शुक्रवारपर्यंत आली. शुक्रवारी भांडी घासताना अनसाबाई म्हणाली, उद्याची गोष्ट ठरलीय. तिचं तोंड बघून मला सगळं कळलं. नऊ वर्षांच्या पोरीचा विचार करून मी तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. चमच्यांचा तो विनोद मी चार वर्षं ऐकला होता.

शनिवारी अनसाबाई आणि विजयश्री वर्गात समोरासमोर बसल्या, मधे माझा मोबाईल. अनसाबाईनं एका मेंढरंवाल्याच्या पोरीची गोष्ट सांगितली. तिला बोलणाऱ्या पेटीचं वेड होतं, हूं. पेटी कुणी नेली, पोरीनं नेली नव्हती, हूं. नेणाऱ्यानं ती कडब्यात लपवली आणि बोट पोरीकडं केलं, हूं. मग रानातला कोठा आला, लाल नंबर आला. शेवटी विजयश्री हूं म्हणायचं विसरली आणि विचारती झाली, “आज्जी, त्या पोराचं नाव काय?”

“तुझ्या आज्ज्याला इचार. त्याला ठावं हाय.”

मी ते घरी जाऊन दोनदा ऐकलं. शेवट कापता आला असता. जसं होतं तसं पाठवून दिलं.

पुढचं मला हॉटेलवाल्या अमरेशनं सांगितलं. रविवारी सकाळी हॉटेल भरलेलं होतं. माणिकप्पा फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुसला खात बसला होता, नातीचा आवाज आला म्हणून त्यानं ऐटीत फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. गोष्ट सुरू झाली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तोही हूं म्हणू लागला. पोरीनं पेटी नेली नव्हती, हूं. कडब्यात लपवली, हूं. लाल नंबरापर्यंत आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तोवर दहा-बारा माणसांसमोर त्याचा हुंकारा देऊन झाला होता. मग नातीचा प्रश्न आला आणि अनसाबाईचं उत्तर. कुणी हसलं नाही. अमरेश म्हणाला, हसले असते तर अण्णाला बरं वाटलं असतं.

सोमवारी जेवणाच्या पंगतीतच तो शाळेत आला. रोज आज्ज्याच्या ताटात जेवणाऱ्या विजयश्रीनं रविवारपासून त्याच्या ताटाला हात लावला नव्हता, हे मला तिच्याकडूनच कळलं होतं. ती गोष्ट ग्रुपवरून काढा, नाहीतर अनसीला कामावरून काढतो, असं त्यानं मला बजावलं. गोष्ट खोटी आहे, असंही म्हणाला.

अनसाबाईनं पळी बाजूला ठेवली. ती कधीच आवाज चढवत नाही.

“अण्णा, तुमी हुंकारा दिलाव. हॉटेलात, समद्यांम्होरं. आता खोटी कशी म्हणताव?”

माणिकप्पानं पंगतीकडं पाहिलं. सदतीस पोरं घास हातात धरून बसली होती आणि त्यांच्यात त्याची नात होती. ती त्याच्याकडं बघत होती. तो खुर्चीवर बसला. मी कपाटातून ते जुनं हजेरीपुस्तक काढून त्याच्यापुढं ठेवलं. ते मी शनिवारीच शोधून ठेवलं होतं. त्यानं त्या ओळीखाली लिहिलं, “अनसाबाई उमाजी हिने रेडिओ चोरला नाही. मी नेला होता.” खाली सही केली.

अनसाबाईनं हात पदराला पुसले आणि अक्षरावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचलं. तिसरीपर्यंतचं वाचणं, त्यामुळं वेळ लागला.

“झालं समाधान?” माणिकप्पानं विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमी म्याट्रिक झालाव, अध्यक्ष झालाव. मला नुसती तिसरी पुरी करायची व्हती. ती कुठं लिवून देणार हाव?”

तिनं पळी उचलली आणि पंगतीत वाढायला गेली. विजयश्रीला सांबार वाढलं, वर आणखी भात घातला, खा म्हणाली. माणिकप्पा उन्हातून चालत आला होता आणि त्याचे ओठ सुकले होते. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता घालवायची आमच्याकडे रीत नाही. अनसाबाईनं विचारलं नाही, आणि माठ माझ्या हाताशी असून मीही उठले नाही.